आधी डोंगर

लालासाहेबांनी मुठीतला चुना सोडत रस्त्यावर आडवी रेघ मारली आणि हात झटकले.

"चल, लाग रेघंला."

राजनंदिनी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. बिरोबाचा माळ चढून-उतरून ती नुकतीच आली होती. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या.

"आबा, शंभर मीटर आज आधी घेतलं असतं तर? ताज्या पायांनी?"

"भरतीत तुला कोण ताजे पाय देणार हाय? आधी डोंगर, मग बाकीचं. दम असला की वेग आपसूक येतोय."

लालासाहेब फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचा आवाज अजून नोकरीतच होता. पलटणीत ते क्रॉसकंट्रीचे गडी. डोंगर-ओढे तुडवत मैलोन्‌मैल पळायचे आणि पळून आल्यावर इतरांची चेष्टा करायचे. त्या पळण्यानं त्यांना सगळं दिलं, तेव्हा लेकीलाही तेच देईल, असं ते छातीठोकपणे म्हणत. पलूसच्या बाजारात भेटेल त्याला ते सांगत, पोरगी पोलिसात गेली म्हणूनच समजा.

खरं तर राजनंदिनी शाळेत शंभर मीटरला जिल्ह्यात पहिली आलेली. शिट्टी वाजली की सुटायची, बाकीच्या पोरींना तिची पाठच दिसायची. माळावरच्या पळण्यानं तिला दम आला हे खोटं नाही. आधीच्या दोन पोलीस भरत्यांत आठशे मीटरला तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. पण शंभरात ती दोन्ही वेळा मागं पडली आणि थोडक्यात यादीबाहेर राहिली. पायांना डोंगराची एकच चाल बसली होती. त्या चालीनं ती संध्याकाळपर्यंत पळाली असती, पण झेप घे म्हटलं की पाय ऐकत नव्हते.

यंदा अर्ज साताऱ्याचा होता. वयोमर्यादा संपत आलेली, म्हणजे ही शेवटचीच भरती. म्हणून लालासाहेबांनी डोंगर तसाच ठेवून वर शंभराच्या फेऱ्या वाढवल्या. रात्री आई तिच्या पायांना तेल चोळायची आणि मधूनच नवऱ्याकडे बघायची.

साताऱ्यात पालकांना मैदानाच्या फाटकाबाहेर थांबवलं होतं. लालासाहेब जाळीला चिकटून उभे राहिले. शंभर मीटरला शेजारच्या दोन पोरी सुटल्या तेव्हा राजनंदिनी रेघेवरून जेमतेम हलली होती. पुढं तिनं जिवाच्या आकांतानं हात मारले. पाय मात्र माळ चढत असल्यासारखे सावकाश, एका तालात पडत राहिले. नंतर आठशेतही शेवटच्या फेरीत तिच्या मांडीत गोळा आला. जे हक्काचं होतं तेही गेलं.

परतीची एसटी कराडात आली. मग लालासाहेब म्हणाले,

"पुढच्या येळंला आपण..."

आणि थांबले. पुढची वेळ नव्हतीच. ते खाली तिच्या पायांकडे बघत राहिले.

"बूट सैल कर. सुजत्याल पाय," एवढंच म्हणाले.

राजनंदिनीला त्यांचा राग आला नाही. म्हातारा चुकला, पण मनात खोट नव्हती, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि तेवढ्या आधारावर ती पुढचे काही दिवस जेवत-खात राहिली.

आठवड्यानं शेजारचा जोतिबा आपल्या पोरीला घेऊन आला.

"अण्णा, आमच्या रेश्मीला तुमच्या हाताखाली घ्या की. शाळंत शंभराला पयली येती. तुमच्यावानी शिकीवणारं गावात दुसरं कोन हाय?"

राजनंदिनी चहा घेऊन आतल्या दाराशी पोचली होती. आबांचं उत्तर तिला पाठ होतं. ती तिथंच थांबली.

लालासाहेबांनी रेश्माच्या सडपातळ पायांकडे बराच वेळ पाहिलं.

"माझ्याकडं नगं," ते म्हणाले. "दुसरीकडं घाल. आनि डोंगरावर लय पळवू नगंस. पोरगी वेगाची हाय. रोज दमवून पळीवली की वेग मरतोय."

"आँ? तुमी तर म्हनायचा, दम असला की..."

"म्हनायचो."

"मग हे कवा ध्यानात आलं, अण्णा?" जोतिबानं आपलं सहज विचारलं.

लालासाहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दाराकडे त्यांची पाठ होती.

"आमच्या पोरीच्या पयल्याच भरतीला. पर सगळ्या गावाला सांगून बसलो हुतो."

राजनंदिनी बाहेर आली. तिनं चहा तिघांच्या पुढं ठेवला, रेश्माला बिस्किटं घे म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं लालासाहेबांनी आतल्या दिशेनं तिला दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला तिची आई बाहेर आली.