खाचेवरची टिकली

माझ्या उजव्या कडेला, वरच्या कोपऱ्याच्या थोडी खाली, एक चौकोनी खाच आहे. रुंदीला ती पाव इंच भरते. तिच्यावर मरून रंगाची एक गोल टिकली दुमडून बसवलेली आहे, अर्धी पुढून आणि अर्धी मागून. टिकलीचा रंग आता उडाला आहे. पण भिंगातून पाहिले तर तिच्या काठावर नखाची एक बारीक चंद्रकोर दिसते. ते नख केसभर आणखी आत गेले असते तर आज मी तुमच्याशी बोलत नसते.

मित्रांनो, मी एक जुनी फ्लॉपी. बाहेरून काळे चौकोनी पाकीट, आत पापडाहून पातळ तपकिरी चकती. संगणकात शिरले की ही चकती गरगर फिरते, आणि तिच्यावर शब्द व आकडे लिहिता किंवा वाचता येतात. कडेची खाच उघडी असेल तर यंत्र माझ्यावर वाटेल ते लिहू शकते. खाच झाकली तर ते मला फक्त वाचू शकते. एवढे साधे कुलूप घेऊन मी जन्माला आले.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली मी नागपूरच्या एका महाविद्यालयात पोचले. एकाच खोक्यातून आम्ही दोघी गोपिकाताईंच्या वाट्याला आलो. माझी बहीण खोक्यात माझ्या पुढे होती, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी.

गोपिकाताई नागपूरजवळच्या कुहीच्या. शहरातल्या सक्करदऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर त्या प्रबंध लिहीत होत्या. काठावर उकिडव्या बसून त्या पाण्यात थर्मामीटर धरत. भोवती जमलेली पोरे विचारत, "म्याडम, पाण्याले ताप आला का?" ताई हसत नसत. "आला नं," म्हणत आणि पारा वाचत. पाण्याचे तापमान, त्यात विरघळलेला प्राणवायू, शेवाळाचे प्रकार, असे तीन वर्षांचे आकडे त्यांनी वह्यांमधून थोरलीवर उतरवले आणि थोरलीवरून माझ्यावर. रोजचे काम थोरलीवर चाले. मी जपून ठेवायची प्रत.

प्रत म्हणून माझी खाच झाकायला हवी होती. त्यासाठीच्या चंदेरी चिकटपट्ट्या खोक्यात मिळत, पण आमच्या खोक्यातल्या पट्ट्या कोणीतरी आधीच वापरून टाकल्या होत्या. ताईंनी क्षणभर विचार केला आणि कपाळावरची टिकली काढून माझ्या खाचेवर बसवली. दारात कवडू शिपाई उभा होता. संगणकाच्या खोलीत कोणी चपला घालून शिरू नये म्हणून तो तिथे बसे.

"म्याडम," तो म्हणाला, "फ्लॉपीचं लगन लावून राहिले का जी?"

"कुलूप लावून राहिली, कवडू."

"मंग अक्षता नाही आणत," म्हणत तो पुन्हा स्टुलावर बसला.

त्या टिकलीचे उपकार मी विसरले नाही. तिचे पाकीट जरीपटक्याच्या बाजारातून मनकर्णाताईंनी आणले होते. मनकर्णाताई म्हणजे गोपिकाताईंची मोठी बहीण. त्यांचे पती रुपराव हैदराबादला नोकरीला होते. या रुपरावांमुळेच गोपिकाताई शिकल्या, हेही सांगितले पाहिजे. बी. एस्सी. झाल्यावर वडिलांनी, नानाजींनी, त्यांचे लग्न जवळजवळ ठरवले होते. भरल्या बैठकीत रुपराव उठून म्हणाले होते, "पोरगी शिकंन. बाकी मी पाहतो." मोठ्या जावयाचा शब्द कोण मोडणार? नानाजींनी लग्नाचा विषय सोडला, आणि ताई नागपूरला आल्या.

अशा माणसाला नाही कसे म्हणायचे, हे ताईंना कधी शिकावेच लागले नव्हते.

त्या दिवाळीत रुपराव मेहुणीची संगणकाची खोली पाहायला आले. चपला बाहेर काढताना त्यांनी कवडूला चिडवले, "देऊळ हाय का गा हे?" आत येताच खिशातून एक फ्लॉपी काढली. मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता. मित्राने दिला होता, आणि मित्राला त्याच्या मित्राने. रुपरावांनी फ्लॉपी यंत्रात सारली आणि लहान मुलासारखे ओरडत मोटार पळवली. ताईही हसल्या. मग ते म्हणाले, "दाखव आता तुहं तळं."

यंत्र चालूच होते. ताईंनी थोरलीला आत घातले. तिची खाच उघडी होती. त्या आठवड्याचे आकडे भरून ताईंनी पान पुन्हा उघडले, तर पडद्यावर आकड्यांच्या जागी वेड्यावाकड्या खुणा उमटल्या. दुसरे पान उघडले, तेही तसेच. थोरली गेली होती.

ताईंचा चेहरा उतरला. निदान प्रत तरी शाबूत आहे ना, हे पाहायला त्यांनी मला आत सारले आणि फक्त आतल्या पानांची यादी वाचायची आज्ञा दिली. चकती फिरू लागली. आणि मला जाणवले, यंत्र वाचत नव्हते. काहीतरी माझ्यावर लिहायला धडपडत होते आणि टिकलीपाशी अडत होते. पुन्हा पुन्हा अडत होते. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की या फ्लॉपीवर लिहिता येत नाही, खाच झाकलेली आहे.

"अवं गोपिका, ते टिकली काढ नं," रुपराव म्हणाले. "तेच अडवून राहिली."

ताईंनी मला बाहेर काढले. त्यांचे नख टिकलीच्या काठाखाली गेले. ती चंद्रकोर तेव्हाची.

मग नख थांबले. "मी तं फक्त वाचाले सांगितलं होतं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "हे लिहाले काहून पाहते?"

मित्रांनो, मला वाचवणारा प्रश्न हाच. ताईंनी यंत्र बंद केले. रुपरावांना मात्र इतकेच म्हणाल्या, "राहू द्या जीजाजी. मशीन तापली वाटते."

"नागपुरात मशीन तापंनच!" ते हसत म्हणाले, आणि जाताना खेळाची फ्लॉपी ताईंना भेट देऊन गेले.

पुढच्या आठवड्यात ताईंनी प्रयोग केला. यंत्र सुरू करायची जी मूळ फ्लॉपी असते, तिची खाच झाकलेली होती; तिनेच यंत्र सुरू केले आणि एक साधा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, कोऱ्या फ्लॉपीवर उतरवला. तो होता तसाच राहिला. मग रुपरावांचा खेळ चालवला आणि तोच कार्यक्रम पुन्हा पाहिला. कोणी काही लिहिले नसताना तो लांबीने वाढला होता. ताईंनी तोच प्रयोग पुन्हा केला. उत्तर बदलले नाही. खेळाच्या पोटात लपून एक लहानसा कार्यक्रम येत होता, खेळ काढून घेतला तरी यंत्र बंद होईपर्यंत आत दबा धरून राहत होता, आणि भेटेल त्या फ्लॉपीत आपली पिल्ले सोडत होता. अशा कार्यक्रमाला व्हायरस म्हणतात, हे ताईंना पुढे एका मासिकातून कळले.

हे त्यांनी रुपरावांना सांगायला हवे होते. संक्रांतीला सांगू म्हणाल्या, मग होळीला सांगू म्हणाल्या. उपकारांचे ओझे जिभेवर बसले की असे होते. तेवढ्यात कुहीहून निरोप आला, की घरी ठेवलेल्या तलावाच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. आता ती तीन वर्षे फक्त माझ्या अंगावर उरली. आणखी प्रत काढायची तर मला त्याच यंत्रात घालावे लागणार, म्हणून ताई धजल्या नाहीत. गेलेल्या पावसाळ्याचे पाणी पुन्हा मोजता येत नाही.

आज मी ताईंच्या काचेच्या कपाटात असते. नवे संगणक मला ओळखतही नाहीत. तुमच्याकडे आता पत्रे पडद्यावर येतात. पाठवणाऱ्याचे नाव ओळखीचे असते, सोबत काहीतरी बांधून दिलेले असते आणि लगेच उघडायचा आग्रह असतो. कधी बक्षीस असते, कधी भीती. मला त्यातले फार कळत नाही, पण एवढे कळते की थोरलीला मारणारा पाहुणाही ओळखीच्याच हातून आला होता. म्हणून माझी विनवणी आहे. जे मागितले नाही ते उघडू नका. जपायच्या गोष्टीची दुसरी प्रत वेगळी ठेवा. कोणी घाईने कुलूप काढायला सांगितले, तर ते का काढायचे हे आधी विचारा. आणि फसलात तर गप्प राहू नका. गप्प राहण्याने तेच दुखणे पुढच्या घरी जाते.

ताईंना हे तेव्हाही कळत होते. बोलणे मात्र उन्हाळ्यापर्यंत राहिले.

प्रबंध छापायच्या आदल्या दिवशी सकाळी ताई मला हातात घेऊन यंत्रापुढे बसल्या होत्या. दारात रुपरावांचा आवाज आला. मनकर्णाताईही सोबत होत्या. रुपरावांच्या हातात नवी फ्लॉपी होती.

"गोपिका, इलाज आणला तुह्यासाठी! फ्लॉपीतले सारे रोग मारते म्हणतात. हैदराबादले अर्ध्या हापिसाले वाटली मी. आण ते तुही, आन् टिकली काढ. औषध आत जाले जागा पाहिजे नं!"

"कोणी देल्ली तुमाले, जीजाजी?"

"त्यानंच. खेळ देल्ला होता त्या दोस्तानं."

ताईंचा अंगठा माझ्या टिकलीवर होता. कवडू दारात वाकून पाहत होता. मनकर्णाताई म्हणाल्या, "काढ नं वं, इतक्या हौसेनं आणलं त्यायनं." ताईंनी मला दोन्ही हातांनी छातीशी धरले आणि उठून उभ्या राहिल्या.

"नाही, जीजाजी. तुमी नसते तं मी इथं बसली नसती, म्हणूनच आज सांगून राहिली. माही पहिली फ्लॉपी तुमच्या खेळानं गेली, आन् हे औषधही त्याच हातचं. ज्यायले ज्यायले वाटली, त्यायले आजच फोन करून सांगा. आन् हे टिकली मी काढणार नाही."