तिसऱ्या अंकातली खिडकी

मी खिडकी बोलतेय. खऱ्या घरातली नव्हे, नाटकातली. माझ्यापलीकडे आकाश रंगवलेला पडदा आणि त्यामागे चहाचे कप ठेवलेलं स्टूल, एवढंच माझं जग.

मिस्त्रीने मला हलक्या फळ्यांतून बनवलं. दोन दारं, पण तावदानं रिकामी. काचेवर दिवे चमकतात आणि प्रेक्षकांचे डोळे दिपतात, म्हणून काच बसवलीच नाही. "काच आहे असं समजायचं," त्याने नटांना बजावलं. असं समजून चालण्यात माणसं पटाईत. दोनचार तालमींत प्रत्येकाचा हात बरोबर काचेच्या जागी थांबू लागला.

नाटक एका कचेरीचं होतं. साहेब पैसे खायचे, शिपाई खायचा, आणि एवढं खाऊनही सगळे मरगळलेले. जरा जीव यावा म्हणून साहेब दुसरं लग्न करायला निघालेले, शिपाई देवाच्या मागे लागलेला. एकटा म्हातारा कारकून तिसऱ्या अंकात उठायचा, लाचेचं पाकीट टेबलावर परत ठेवायचा, मला धाडकन उघडायचा आणि छाती भरून श्वास घेऊन म्हणायचा, "अजून जिवंत आहे मी." मग पडदा पडायचा.

कारकुनाचं ते काम भाऊ करायचे. दिवसा तेही एका कचेरीतच होते, वरून आलेल्या कागदांवर डोळे झाकून सह्या करत. एकदा रंग पुसताना ते मिस्त्रीला म्हणाले, "दिवसभर मी मेलेलाच असतो रे. ही खिडकी उघडली की तेवढा जीव येतो."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं. नंतर फारसं काही वाटलं नाही.

एक बडे अधिकारी नाटक बघून गेले. साहेबाच्या पात्रात त्यांना ओळखीचा चेहरा दिसला असावा. नाट्यगृहाच्या तारखा हव्या असतील तर शेवट बदला, असा निरोप आला. नाटक कंपनीच्या मालकांनी पडतं घेतलं. आता कारकून पाकीट खिशात घालणार आणि पडदा पडणार, असं ठरलं. सगळ्यांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या. भाऊंनीही केली, कागद वाचलासुद्धा नाही. सवयीने कुणी मला उघडू नये म्हणून मिस्त्रीने तीन खिळे ठोकले. ठोकताना तो माझ्याकडे बघत नव्हता. लाकडाला दुखत नाही म्हणतात. मीही तसंच धरून चालते.

नव्या शेवटाच्या पहिल्या प्रयोगाला भाऊंनी पाकीट खिशात घातलं. पडदा ओढणाराही जुन्या सवयीचा, तो खिडकीची वाट बघत थांबून राहिला. आणि भाऊ चालत माझ्यापाशी आले. त्यांनी मला ढकललं. पुन्हा ढकललं. मी हलले नाही. मग त्यांनी दोन्ही तळहात उचलले आणि काच असायला हवी होती तिथे, हवेतच टेकवले. तोंड उघडलं, वाक्य आलं नाही. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला. टाळ्या थांबेनात.

आत आल्यावर ते म्हणाले, "मिस्त्री, बंद होती रे ती."

"हो भाऊ," मिस्त्री मान खाली घालून म्हणाला.

पुढचे सगळे प्रयोग तसेच झाले. टाळ्या मिळतात म्हणून मालकांनी ते हात टेकवणं कायमच ठेवलं. आता मी गोदामात भिंतीकडे तोंड करून उभी आहे, खिळे गंजलेत. भाऊ बढती घेऊन निवृत्त झाले, असं ऐकते.

तुम्हाला कुठे भेटले तर एवढं सांगा. दारं बंद होती, पण माझ्यात काच कधीच नव्हती. हात नुसता पुढे करायचा होता.