अम्माची पांढरी भिंत

आमच्या गावात हजला जाणारं माणूस घराबाहेर पडलं, की त्याच्या घराची दर्शनी भिंत माझ्या भावाची होते. माणूस परत येईपर्यंत ती रंगवून झाली पाहिजे, आणि ती रंगताना त्याने पाहायची नाही. ढोल-सनईच्या आवाजात गल्लीच्या तोंडाशी यायचं, मान वर करायची, आणि आपण कुठे जाऊन आलो ते आपल्याच घरावर पहिल्यांदा बघायचं. त्या घटकेसाठी आमच्याकडच्या बायका आयुष्यभर थांबतात. मक्केबद्दल विचारलंत तर ऊन होतं, गर्दी होती, गुडघे दुखले, एवढं सांगतील. भिंतीबद्दल विचारलंत तर बसायला सांगून चहा ठेवतील.

शाझली माझा धाकटा भाऊ. चुना मी कालवायचे, शिडी मी धरायचे. मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती त्याने भिंतींवर लिहिलेल्या ओळींवरून, त्यामुळे बरेच दिवस मला वाटायचं की अक्षर म्हणजे हातभर उंचच असतं. त्याच्या भिंती सगळ्या सारख्याच. वर निळं आभाळ, मधोमध काळा काबा, एका बाजूला विमान, दुसऱ्या बाजूला जहाज, खाली उंट. आमच्याकडून जहाजाने कुणी गेल्याला जमाना झाला, पण जहाज नसलं तर लोक म्हणत, "उस्ताद, काहीतरी राहिलं." उंट मात्र त्याचे हसरे असायचे. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ओठात सिगारेट, खाली उभ्या असलेल्या शेजारच्या उम्म अशरफशी, म्हणजे अशरफच्या आईशी, भांडण, आणि हात आपला चाललेला.

मग कैरोहून एक सर आले. ते कॉलेजात चित्रकला शिकवायचे. चांगला माणूस होता. सगळ्या भिंतींचे फोटो काढले, आमच्याकडे पोटभर जेवले, आणि हात धुताना त्यांनी विचारलं, "उस्ताद, तुमची प्रेरणा काय?"

"म्हणजे?" शाझली म्हणाला.

"म्हणजे हे सगळं येतं कुठून?"

"डब्यातून," अम्मा म्हणाली. "निळा डबा संपला की आभाळ बंद."

सर हसले, मी हसले. शाझली हसला नाही. त्या दिवसापासून तो कुंचला उचलायच्या आधी थांबायला लागला. पायात काटा गेलेला माणूस चालतो, तसा रंगवायला लागला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आतून यायला हवं." उम्म अशरफ म्हणायची, "आतून येत नसेल तर एरंडेल घे रे बाबा."

आणि त्याच वर्षी हजच्या सोडतीत अम्माचं नाव लागलं. किती वर्षं ती अर्ज भरत होती! नाव लागल्याचं कळलं तेव्हा ती भाकऱ्यांचं भिजवलेलं पीठ फुगायला उन्हात ठेवत होती. परात तशीच डोक्यावर घेऊन ती गल्लीभर सांगत फिरली.

अम्माला भिंत हवी होती. ती तसं कधी बोलली नाही, पण मला ठाऊक होतं. बाजारातून येताना ती वाट वाकडी करून रंगवलेल्या घरांवरून यायची. दुसऱ्यांच्या भिंतींवरच्या उंटांची धूळ पदराने पुसायची. विचारलं तर म्हणायची, "शाझलीचं काम आहे, मळलेलं दिसतं." निघायच्या दिवशी ती बसच्या पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, "शाझली, माझी भिंत लोकांसारखी कर हो."

"लोकांसारखी? तुझी?" तो म्हणाला. "अम्मा, तुझ्यासाठी असं काही काढीन की गाव बघत राहील."

अम्मा काहीतरी म्हणाली. बस सुटली.

मी भिंतीला चुना दिला. तो वाळला. शाझलीने समोर खुर्ची टाकली आणि बसला. दुपारी ऊन सरकलं की खुर्ची सरकवायचा. मग उठून नदीवर जाऊन आला. डोंगरावर जाऊन आला. पीराच्या कबरीशी दिवा लावून आला. प्रत्येक वेळी परत आला की मी त्याच्या तोंडाकडे बघायचे आणि मुकाट्याने डबे झाकून ठेवायचे.

"काबा तरी काढून ठेव," मी म्हटलं. "तो काही बदलणार नाही."

"तुला कळत नाही, इन्शिराह. इतकी वर्षं मी नुसते हात चालवले. आईच्या भिंतीवरही तेच उंट?"

"तिला तेच उंट आवडतात."

"तिने दुसरं पाहिलंय कुठे!"

गल्लीतून जाणारे येणारे गंमत करायचे. "काय शाझली, भिंत रंगवतोस की राखण करतोस?" उम्म अशरफ तर रोज येऊन भिंतीजवळ डोळे बारीक करून उभी राहायची. "अगंबाई, किती बारीक काम! दिसतसुद्धा नाही."

अम्माचा फोन यायचा. मागे हा गलका. "झाली का रे?"

"येतंय, अम्मा."

"विमान काढलंस?"

"येतंय."

ती परत यायच्या दिवशी सकाळी त्याने शेवटी निळा डबा उघडला. एक रेघ ओढली, तिच्याकडे बघत राहिला आणि ओल्या फडक्याने पुसून टाकली. ढोल वाजायला लागले होते.

अम्मा गल्लीच्या तोंडाशी आली. पांढऱ्या कपड्यात, उन्हाने काळवंडलेली, दोन्ही बाजूंनी बायकांनी धरलेली. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गजर केला. अम्माने मान वर केली. गजर एकेक करून थांबला. ढोलवाल्याला मागून दिसत नव्हतं, तो आणखी थोडा वेळ वाजवत राहिला.

शाझली दारात उभा होता. इतका मोठा बाप्या, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"मीच सांगितलं होतं त्याला," अम्मा मोठ्याने म्हणाली. "पांढरी ठेव म्हटलं. तिकडे सगळं पांढरंच असतं." कुणाचाही विश्वास बसला नाही. सगळ्यांनी माशाल्ला म्हटलं आणि आत येऊन खजूर खाल्ले.

लोक गेल्यावर अम्मा मला म्हणाली, "चुना तू दिलास ना? छान बसलाय." नंतर तिने तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

"उद्या करतो, अम्मा," शाझली म्हणाला. "काबा, विमान, उंट, सगळं."

"आता कशाला रे? आले ना मी."

पुढे महिनाभर ती तिकडच्या गोष्टी सांगत होती. एक गोष्ट मक्केजवळ मीना इथे हाजी राहतात त्या तंबूंची. तिच्या चपला हरवल्या. हजारो चपलांच्या ढिगात ती अनवाणी उभी राहून स्वतःच्या पावलांकडे बघत होती, आणि एकदम तिला हसू आलं. इतक्या लांब आलो देवाला भेटायला आणि शोधतोय काय, तर चपला! शाझली ऐकत होता. हातातला घास तसाच होता.

पुढच्या वर्षी उम्म अशरफ हजला गेली. शाझलीने वर्षभर कुंचल्याला हात लावला नव्हता. ती यायला थोडे दिवस उरले तेव्हा अशरफने अक्षरशः हाताला धरून त्याला भिंतीपुढे उभं केलं. विचार करायला वेळच नव्हता. मी शिडी धरली. आभाळ झालं, काबा झाला, विमान, जहाज, हसरे उंट. मग खाली कोपऱ्यात जागा उरली, आणि तिथे न थांबता, शिडीच्या खालच्या पायरीवर बसूनच, त्याने काढली एक म्हातारी, अनवाणी, चपलांच्या ढिगात, आपल्या पावलांकडे बघून हसणारी. इतकी जिवंत की मी शिडी सोडून दिली. तो पडता पडता वाचला.

उम्म अशरफ आली, बघितलं, रडली, आणि डोळे पुसत ओरडली, "ही बिनचपलांची कोण रे? माझ्या तर पायात आहेत!" गल्ली हसली. सगळ्यात मोठा गजर अम्माचा होता. मग ती कोपऱ्याशी गेली, वाकली, आणि खूप वेळ बघत राहिली.

"असेल कुणीतरी," ती म्हणाली. "तिकडे पुष्कळ बायकांच्या चपला हरवतात."

घरी येताना शाझली म्हणाला, "अम्मा, हीच. हीच मला तेव्हा सापडत नव्हती."

"कशी सापडेल? तेव्हा मी परत आले तरी होते का? जाऊन आल्यावर सांगितलं असतं तुला. तू नुसता काबा काढून ठेवायचास, कोपरा रिकामा सोडायचास. मला तर उंटही चालले असते रे."

"आपल्या भिंतीवर काढू? आज? आत्ता?"

"नको. आता ती उम्म अशरफकडे राहते."

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिने त्याला सांगितलं, की दर्शनी भिंतीला लागून कोंबड्यांचं खुराडं बांध, तिथे सकाळचं ऊन चांगलं येतं. तो मातीच्या विटा घेऊन आला. कुठे जाऊन बसला नाही, कशाची वाट पाहिली नाही. दुपारच्या आत खुराडं उभं राहिलं, आणि अम्मा म्हणाली, छान झालंय.