निळ्या खाचेवरची खाकी पट्टी

मी एक जुनी खाच आहे. हसू नका, मित्रांनो. लॅपटॉपच्या कडेला जी चौकोनी फट असते, जिच्यात तुम्ही पेनड्राइव्ह आधी उलटा खुपसता आणि मग माझ्याच नावानं बोटं मोडता, ती मी. यूएसबीची खाच. त्यातही साधीसुधी नाही, निळ्या जिभेची. माझ्या लॅपटॉपला डाव्या अंगाला दोन काळ्या खाचा आहेत. कामाला वाईट नाहीत बिचाऱ्या, पण चाल मुंगीची. बारीक धारेच्या नळाखाली हंडा भरेपर्यंत जसं ताटकळावं लागतं, तसं त्यांच्यातून काही पाठवायचं म्हणजे. माझं तसं नाही. मी म्हणजे टँकरचा पाइप. हे मी गर्वानं सांगते, आणि का सांगू नये? मला घडवणाऱ्यानं पळण्यासाठी घडवलं होतं.

कमरुद्दीननं आम्हाला कुवेतहून आणलं, २०११ साली. तिथं तो बंदरावर क्रेन चालवतो. पनवेलच्या मोहल्ल्यात त्याचं घर. घरात त्याची आई बिल्कीस, जिला सगळे दादी म्हणतात, आणि त्याची दोन आईवेगळी मुलं, मुबीना आणि नावेद. दोघांना दादीनंच वाढवलेलं. त्यांच्या आईचे वडील, नाना, मोहल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला राहतात. खोका उघडला त्या दिवशी कमरुद्दीननं माझ्यावर बोट ठेवून सांगितलं, "अम्मा, ही निळी खास आहे हां. हिला जप." बस, एवढंच माझं कौतुक. तो परत गेला आणि दादीनं मला जपलं. कसं जपलं? खाकी चिकटपट्टी कापून माझ्या तोंडावर डकवली. वरून अंगठ्यानं घासली. पोरांना बजावलं की हिला हात लावायचा नाही, निळी नवी राहिली पाहिजे.

चार वर्षं, मित्रांनो. त्या काळ्या दोघींतल्या एकीच्या गळ्यात एक चार तोंडांचा डबा, हब म्हणतात तो, अडकवलेला, त्या डब्यात माउस, मोबाइलचा चार्जर, एक पिटुकला पंखा आणि एक दिवा. सगळा संसार तिकडे आणि मी इकडे घामानं चिकट. मधे कमरुद्दीन एकदा येऊन गेला. तेव्हा स्लॅब गळत होता, तो वर आणि मी खाली. माझ्याकडे बघतोय कोण?

मग मुबीनाचा निकाह ठरला, तळोज्याच्या मुलाशी. कमरुद्दीनला रजा मिळाली नाही. एकुलत्या एका मुलीचा निकाह आणि बाप समुद्रापलीकडे.  फोनवर तो एवढंच म्हणाला की मला सगळं दाखवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही गाळू नका. म्हणून नावेदनं सगळं चित्रण जोडून लॅपटॉपात ठेवलं. नेटवरून पाठवायला महिना लागला असता. पण शेजारचे मुकादम चाचा कुवेतला निघाले होते. त्यांच्या हाती एका डिस्कमध्ये भरून द्यायचं ठरलं. नवी डिस्क आणली, तीही माझ्याच जातीची, निळ्या जिभेची. चाचा त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, गाडीत बसणार. त्यांच्यानंतर तिकडे जाणारं ओळखीचं माणूस वर्षभर नव्हतं.

आणि हा शहाणा नावेद, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, डिस्क कुठं लावतो? त्या चार तोंडांच्या डब्यात, दिवा काढून. पंख्याच्या शेजारी.

पडद्यावरची हिरवी पट्टी अशी सरकायला लागली की गोगलगायीनं हसावं. दुपार झाली तरी पाव हिस्सा गेला नव्हता. नावेदनं मशीन बंद करून चालू केलं. वायर बदलली. व्हायरस शोधत बसला. खांदा कॉलनीतल्या दुकानदार मित्राला फोन केला, तर तो मेला म्हणाला, लॅपटॉप म्हातारा झालाय, भंगारात काढ. मला भंगारात काढतोय! अरे, मला वापरलंत कधी?

आणि ऐका, पडद्याच्या कोपऱ्यात दर वेळी एक निरोप उमटत होता. अगदी सरळ लिहिलेलं, की ही डिस्क दुसऱ्या खाचेत लावा, जास्त जोरात चालेल. लॅपटॉप कानीकपाळी ओरडत होता. आणि नावेद दर वेळी न वाचता त्याच्यावर फुली मारत होता. शिकलेलं पोर. माझा जीव असा जळला म्हणून सांगू.

मुबीना माहेरी आली होती, अब्बांना पाठवायचं सामान बांधायला. तिनं भावाच्या खांद्यावरून वाचलं आणि त्याचा हात धरला. "थांब. फुली मारू नको. हे काय लिहिलंय?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मग दोघांनी दादीकडे. दादी पलंगावर बसून सुपारी कातरत होती.

नावेद पुटपुटला की पट्टी काढावी लागेल.

"काढायची नाय," दादी म्हणाली. "कमरूनं दाखवलेली चीज हाय ती. तो येल तवा तोच काढल."

"दादी, त्याच्यासाठीच काढायचीय," मुबीना म्हणाली. "तो आला नाय. माझा निकाह झाला तरी आला नाय. आता निदान त्याच्या डोळ्याला तरी पोचू दे."

दादीचा अडकित्ता थांबला. ती उठली, पोरांना बाजूला सारलं आणि स्वतःच्या नखानं पट्टी सोलली. तिच्या मायेचा तो चिकट राप माझ्या दातांत बसला होता. डिस्क आत घातली तर मला तिची ओळखच पटेना. चार वर्षांची काळजी, बघा कशी असते. शेवटी मशीन बंद करून मुबीनानं काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि मला आतून पुसलं. झोंबलं मला, पण वाळले, मशीन परत लावलं आणि मग काय धावले! नावेदचा आ मिटेना. बाहेर मुकादम चाचांच्या गाडीचा हॉर्न दुसऱ्यांदा वाजला तेव्हा पडद्यावरची हिरवी पट्टी पूर्ण भरली होती. मुबीना डिस्क घेऊन अनवाणीच पळाली.

पुढच्या शुक्रवारी फोन आला. स्पीकरवर लावला. कमरुद्दीननं सगळं दोनदा बघितलं होतं. मग त्यानं विचारलं, "अम्मा, पहिल्या रांगेत ती खुर्ची रिकामी का होती?"

"तुझी होती ती," दादी ताठ्यात म्हणाली. "कुणाला टेकू दिलं नाय मी."



"तिच्यामागं मुबीनाचे नाना सगळा वेळ काठी धरून उभे होते. दिसले मला. बसवायचं ना गं त्यांना."

दादीला जन्मात कुणी असं बोललं नसेल.  फोन ठेवल्यावर तिनं बुरखा चढवला आणि भर उन्हात नानांच्या घराकडे चालायला लागली. मागून नावेद रिक्षा आणतो म्हणाला, तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

मित्रांनो, काळजी घ्या असं सांगून अशा गोष्टी संपवतात. मी नाही तसं सांगणार. काळजी पुष्कळ झाली. वस्तू वापरा, पुसा, झिजू द्या. आणि जो दूर आहे त्याच्या नावानं जवळच्याला ताटकळत ठेवू नका. त्यात दूरच्याचं भलं होत नाही, जवळच्याचे पाय तेवढे दुखतात. बसवा त्याला. आत्ता, उठा.