धुतलेल्या चादरी

आमची लाँड्री आहे. जिथे आभाळातून राख पडते तिथे लाँड्री म्हणजे चांगलाच धंदा, असं लोक मला हसत हसत सांगतात. मीही हसते, कारण गिऱ्हाइकाशी भांडून चालत नाही. खरं तर त्यांच्या तोंडावर ओला टॉवेल फेकावासा वाटतो. आमच्या गल्लीच्या टोकाला उंच भिंत आहे आणि भिंतीपलीकडे वीजकेंद्र. तिथली दोन धुराडी रात्रंदिवस धूर ओकत असतात. सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोट फिरवलं की बोट काळं. बाहेर कपडे वाळत घालायची सोय नाही. दुकानामागच्या खोलीत छताला दोऱ्या आणि पंखे आहेत, तिथे अख्ख्या वस्तीचे सदरे वाळतात.

आणि आता तिसरं धुराडं येणार होतं.

आमची ठकी सात वर्षांची. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, पण ती जन्मली तेव्हाच सासूबाई तिला ठकी म्हणाल्या आणि ते चिकटलं. तिला दम लागतो. नुसता सर्दीखोकला नाही. छातीत शिट्टी वाजते, ओठ निळसर होतात, मग वाफेचं मशीन लावून तिला मांडीवर घेऊन बसायचं. डॉक्टरांनी मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "हिला इथून हलवा, नाहीतर ती राख तरी थांबवा. याच्यापेक्षा जास्त हिची छाती सोसणार नाही." हलवा म्हणे! घर विकायला काढून पाहिलं. जो बघायला येतो तो खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवतो, बोटाकडे बघतो आणि पाणीसुद्धा न पिता निघून जातो. म्हणजे राहिली राख थांबवणं. तेही जमत नव्हतंच, पण निदान आणखी वाढू तरी द्यायची नाही, एवढंच आता हातात होतं.

गल्लीतल्या पोरांचा एक खेळ आहे, खोक-खोक. शाळेत खोकणाऱ्या मुलाला बाई घरी पाठवतात, साथ पसरू नये म्हणून. त्यामुळे इथली पोरं खोकला गिळायला शिकली आहेत. जीभ टाळूला लावायची, मुठी आवळायच्या, नाकाने थोडा थोडा श्वास घ्यायचा आणि वर आलेला खोकला आवंढ्यासारखा खाली ढकलायचा. त्याचाच त्यांनी खेळ केला. एकाने उभं राहायचं, बाकीच्यांनी त्याच्यासमोर "खोक, खोक" म्हणत वेडावायचं, विनवायचं, रडायचं नाटक करायचं. खोकला तो बाद. आमची ठकी यात कुणालाच हार जात नाही. मी पहिल्यांदा हा खेळ पाहिला तेव्हा पोरांना झाडूने पिटाळलं होतं. मग रोज रोज कोण पिटाळणार?

माझी नणंद, म्हणजे ठकीची आत्या, मी तिला ताई म्हणते, बस डेपोत तिकिटं देते आणि उरलेल्या वेळात केंद्राशी भांडते. गल्लीने तिचं नाव 'मोर्चा' ठेवलंय. "मोर्चा आला गं," असं बायका तिच्या तोंडावर म्हणतात आणि तीही "चला मग मागून," म्हणते. अर्ज, निवेदनं, धरणं, सगळं करून झालं होतं. डॉक्टरांचे कागदही दिले होते. त्यावर केंद्राच्या डॉक्टरांनी उत्तर दिलं की हा त्रास घरातल्या धुळीने होतो. घरातली धूळ! जशी काही ती आम्ही पाळली आहे.

शेवटी एकदाची पाहणी समिती येणार असं ठरलं. समिती गल्लीत येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आणि जे दिसेल ते लिहिणार. त्यावर तिसऱ्या धुराड्याचा निकाल. ताई आनंदाने नाचायची तेवढी बाकी होती. तेव्हा माझा नवरा, जो केंद्रातच कोळशाच्या यार्डात आहे आणि म्हणून या सगळ्यात कधी तोंड उघडत नाही, जेवता जेवता हळूच म्हणाला, "पाहणीच्या आदल्या दिवशीच लोड उतरवतात, भट्ट्या मंद करतात. धूर दिसणारच नाही. नेहमीचंच आहे ते."

ताईचा घास हातातच राहिला. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्याकडे पांढऱ्या चादरी किती आहेत गं?"

कल्पना तिची, चादरी माझ्या. हॉटेलांना भाड्याने द्यायच्या त्या, कोपऱ्यात आमच्या लाँड्रीची लाल दोऱ्याची खूण असलेल्या. समिती यायच्या आठवडाभर आधी घरटी एक चादर बाहेरच्या कठड्यावर बांधली. धूर बंद करता येतो, पण चादरीवर बसलेली राख कशी परत बोलावणार? वाळवायच्या खोलीत गल्लीतल्या बायकांची मीटिंग घेतली, सगळ्यांनी माना हलवल्या. सासूबाईंना मी वेगळं बजावलं, "आई, या चादरींना हात लावायचा नाही. समितीला अशाच दाखवायच्या आहेत."

"मी कशाला लावू? मला काय कमी कामं आहेत?" त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यात चादरी आधी मळकट झाल्या, मग करड्या, मग उभ्या घड्यांमध्ये चक्क काळ्या. मी रोज बघायची आणि लाज वाटण्याऐवजी मला बरं वाटायचं. लग्न होऊन या लाँड्रीत आल्यापासून मळलेलं कापड बघून बरं वाटायची ती पहिलीच वेळ. सासूबाई मात्र मान वळवून जायच्या. आयुष्यभर लोकांचे डाग काढले त्या बाईने. त्यांच्यासाठी ते म्हणजे कुणीतरी दारात शिव्या लिहून ठेवल्यासारखं होतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मी ताईच्या फायली बघत होते.

समितीच्या दिवशी धुराडी खरंच गप्प होती. इतकं निळं आभाळ गल्लीने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मी ठकीला वाफ दिली, जरा जास्तच दिली. केस विंचरले, चांगला फ्रॉक घातला आणि सांगितलं, "पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागायचं हं." मग ताईबरोबर समितीला आणायला मोठ्या रस्त्यावर गेले. समिती आधी केंद्रात गेली होती. तिथे त्यांचं चहापाणी लांबलं. आम्ही दोघी उन्हात उभ्या. ताई तोंडातल्या तोंडात भाषण पाठ करत होती.

गाडी आली. त्यात समितीचे अध्यक्ष, वयस्क, हातात काठी. एक मॅडम, मांडीवर कागदांचा पॅड. आणि केंद्राचे जनसंपर्कवाले साहेब. साहेबांना मी ओळखते. त्यांचे सदरे आमच्याकडेच येतात.

आम्ही गाडीबरोबर चालत गल्लीत वळलो आणि माझे पाय जागीच थांबले.

गल्ली चकाचक होती. पायऱ्या घासलेल्या, काचा पुसलेल्या, कुंड्यांतल्या झाडांची पानं न् पानं ओल्या फडक्याने पुसलेली. आणि दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर आमच्या चादरी, नीळ दिलेल्या, शुभ्र, टोकांतून अजून पाणी टपकत होतं. गल्लीतल्या बायका हात पुसत दारात उभ्या होत्या, आणि मध्ये सासूबाई, कोपरापर्यंत ओल्या, दमलेल्या आणि खूश.

"आई, काय केलंत हे?" मी विचारलं.

"अगं, पाहुणे यायचे आणि आपली खूण असलेली चादर अशी? लोक म्हणतील, लाँड्रीवाल्यांनाच धुता येत नाही. सगळ्यांनी हात लावला म्हणून झालं बाई वेळेत. झटकून घेतल्या आधी, नाहीतर राख आत मुरते."

मी बायकांकडे बघितलं. एकीनेही नजर वर केली नाही. मीटिंगमध्ये मान हलवणं वेगळं आणि पाहुणे दारात येणं वेगळं. एकीने पायरी घासायला घेतली असेल, मग शेजारचीला आपली पायरी खुपली असेल, आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांवर त्या चादरी आल्या असतील. मला त्या सगळ्यांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. पण माझी ठकी दारात विंचरलेल्या केसांनी आणि चांगल्या फ्रॉकमध्ये उभी होती. तिला तसं कुणी उभं केलं होतं?

ताईने हार मानली नाही. "साहेब, हे आत्ता धुतलंय! हे पाणी बघा," म्हणत ती दुकानाच्या मोरीकडे धावली. मोरीही घासली होती. गटारातसुद्धा वर स्वच्छ पाणी ओतलं होतं. तिने फोनवरचे फोटो दाखवले, काळ्या चादरींचे.

"फोटो काय, कुठलेही असतात," जनसंपर्कवाले साहेब म्हणाले. मग अध्यक्षांकडे वळून, "बाकी यांच्याकडे कपडे फार स्वच्छ निघतात हं. माझे सगळे इथेच येतात."

"येतात ना!" मी म्हणाले. "तुमच्या कॉलरी मीच घासते. रोज काळं पाणी निघतं त्यांतून. सांगा ना त्यांना!"

ते हसले. अध्यक्षांनी चादरीच्या टोकावर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. ते मऊ आवाजात म्हणाले, "बाई, आम्हाला जे दिसतं तेच लिहिता येतं."

मॅडमचं पेन चालू होतं. त्या काय लिहीत होत्या ते मला तिथूनही कळत होतं. डोळ्यांसमोर तिसरं धुराडं उभं राहिलं आणि त्याच्याखाली माझी पोर. मी धावत जाऊन ठकीला दंडाला धरून आणलं.

"ही बघा. ही दिसते ना? हिला दम लागतो. हिच्या छातीला कान लावा."

अध्यक्ष काठीवर भार देऊन तिच्यापुढे वाकले. "काय गं बाळ, त्रास होतो का तुला?"

ठकीने माझ्याकडे बघितलं. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं. "नाही," ती म्हणाली. "मी बरी आहे."

"ठकी! खरं सांग. खोकला येतो ना? खोकून दाखव."

तिचे ओठ घट्ट मिटले. त्या मिटलेल्या ओठांमागे काय चाललंय ते मला दिसत होतं. गळ्याची शीर ताणलेली, मुठी आवळलेल्या, नाकपुड्या हलतायत. आलेला होता खोकला. तिथेच होता, बोटभर आत.

"खोक ना गं," मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "खोक. आईसाठी. खोक ना, सोन्या." मला रडू फुटलं. तिला हलवलं, जोरात हलवलं, सगळ्यांसमोर. "खोक म्हणते ना! खोक!"

आणि तिच्या डोळ्यांत हसू आलं. मला त्या क्षणी ते कळलं आणि मी तिला सोडलं. खोक-खोक. समोरच्याने विनवायचं, रडायचं नाटक करायचं. तिला वाटलं, आई खेळतेय.

"मुलांना असं शिकवू नये हो," जनसंपर्कवाले साहेब म्हणाले, अगदी हळुवारपणे.

मॅडमनी पॅड मिटला. अध्यक्षांनी ठकीच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे मात्र बघितलं नाही. माझ्याऐवजी त्यांनाच लाज वाटत असावी. ते गाडीत बसले. धूर नव्हता, तरी साहेबांनी सवयीने काचा वर केल्या. ताई गाडीमागे धावली, मागच्या काचेवर हात आपटत, "थांबा, अहो थांबा," म्हणत. गाडी आपल्या वेगाने वळणापर्यंत गेली आणि वळली.

तेव्हा ठकी खोकली. आवळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ती दुमडून खाली बसली, खोकत राहिली. छातीतली शिट्टी वळणापाशी उभ्या असलेल्या ताईपर्यंत ऐकू जात असेल. सासूबाई ओल्या हातांनी तशाच धावत आल्या, "मशीन आणा, मशीन आणा," म्हणत. कुणीतरी दुकानातून वायर ओढत मशीन आणलं. मी तिला मांडीवर घेऊन रस्त्यावरच बसले, नुकत्याच धुतलेल्या दगडांवर. तिचे ओठ निळे होते. मी मशीनचा मास्क तिच्या तोंडाशी नेला तर तिने तो हाताने बाजूला केला. तिला आधी काहीतरी सांगायचं होतं.

"आई," ती एका श्वासात एक शब्द करत म्हणाली, "एकदाही... नाही... खोकले ना?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती.

"नाही खोकलीस," मी म्हणाले. "शाबास."