रात्रपाळीची सकाळ

धाकट्या भावाच्या त्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. विसरला होता असं नाही. उलट इतका विचार केला, की लिहायचंच राहून गेलं.

भाऊ बाटल्यांच्या कारखान्यात कायमच्या रात्रपाळीला होता. यंत्रांच्या खडखडाटाने त्याचे कान गेलेले, फोनवर काही ऐकू येत नसे. म्हणून दोघांचा पत्रव्यवहार अजून टिकून होता. त्याने लिहिलं होतं: ‘दादा, रक्तातली साखर काही केल्या उतरेना. डॉक्टर म्हणतात, आता सुई टोचावी लागेल. मग पाळीतल्या एकाने उपाय सांगितला. आठ तासांत काय ते खाऊन घ्यायचं, बाकी सोळा तास तोंडाला कुलूप. सुरू केलंय. साखर खाली आली. बायको म्हणते, अक्कल आधीच खाली होती, तिला सोबत मिळाली. एकच विचारतो. गोळी सकाळी घ्या असं सांगितलंय. मी सकाळी घरी येतो आणि झोपतो. माझी सकाळ नेमकी कोणती रे? तू एवढा वाचणारा, तूच सांग.’

दादाचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं होतं. दुसऱ्याच्या चुका काढण्यात पटाईत, पण स्वतःचं वाक्य लिहायचं म्हटलं की हात आखडायचा. त्याने वाचनालयातून पुस्तकं आणली. उपासाने साखर आटोक्यात येऊ शकते, असं एकात होतं. दुसऱ्यात होतं की तेच जेवण दिवसा घेतलं तर सोसतं, रात्री उशिरा घेतलं तर साखर जास्त चढते. तिसरं बजावत होतं, गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नका. रात्रभर जागणाऱ्या माणसाबद्दल मात्र कुणी धड बोलेना. आपण चुकीचं सांगितलं आणि भलतंच झालं तर? तो कागद घ्यायचा, दोन ओळी लिहायचा आणि खोडायचा.

एका दुपारी भावजयीचा फोन आला. एरवी तिच्या बोलण्याला लगाम नसे. आज आवाज बसला होता. भाऊ आदल्या दिवशी पाळीवरून आला, गोळी घेतली आणि झोपला. झोपमोड नको म्हणून तिने दार ओढून घेतलं. दुपारी चादर घ्यायला आत गेली, तर उशी घामाने भिजलेली, अंग गार, आणि तो काहीतरी बरळतोय. बायकोलाही ओळखेना. गिळता येत होतं, म्हणून तिने साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं आणि शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखाना गाठला. साखर पार तळाला गेली होती. थोडा उशीर झाला असता तर, एवढं म्हणून ती थांबली.

शेवटचं कधी जेवला होता, दादाने विचारलं. तिने सांगितलं: संध्याकाळी उठला की जेवतो, मग पाळीत मध्यरात्री डबा खातो, आणि त्यानंतर कुलूप. सकाळी घरी येऊन गोळी घेतो आणि उपाशीपोटीच झोपतो.

“हे डॉक्टरांना सांगितलं का?”

“कुठलं! गोळी नाश्त्याबरोबर घेतो म्हणाला. मी तोंड उघडलं तर डोळे वटारले. सुईची भीती, दुसरं काय. आठवडाभर घरी बसवलंय, तोवर मी समोर बसून खायला घालते. पण पाळीला गेला की पुन्हा तेच करणार.”

“त्याला समजाव.”

“माझं ऐकतोय तो. म्हणतो, दादाला सगळं कळवलंय, त्याने काही लिहिलं नाही, म्हणजे बरोबरच असणार. चूक दिसली की दादा गप्प बसत नाही.”

फोन ठेवल्यावरही दादा उभाच होता. खूण नसलेलं पान म्हणजे बिनचूक पान, ते खुशाल छापा; छापखान्यात त्याच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पानाचा हाच अर्थ होता. भावाने त्याला बरोबर ओळखलं होतं. म्हणूनच तो मरायला टेकला होता.

या वेळी त्याने पुस्तकं उघडली नाहीत.

‘तुझी सकाळ कोणती, मला माहीत नाही. एवढं लिहायला इतके दिवस लागले. पण गोळी घेऊन उपाशी झोपायचं नाही, हे नक्की. उपासाने साखर उतरते हे खोटं नाही. पण तुझी गोळीही उतरवते, आणि दोन्ही एकदम खाली ओढू लागले की माणूस बुडतो. पाळीला जाण्याआधी डॉक्टरांकडे जा. कधी जेवतोस, कधी झोपतोस, गोळी कधी घेतोस, सगळं खरं सांग. सकाळ कोणती ते त्यांनाच ठरवू दे. तोवर उपास बंद. मी गप्प बसलो तो होकार नव्हता, भित्रेपणा होता. सुई टोचावी लागली तर टोचून घे. मला भाऊ हवाय.’

पोस्टात जाईपर्यंत त्याला दोनदा वाटलं, परत जावं, नीट उतरवून काढावं. ‘बुडतो’ हा शब्द जरा नाटकी झाला होता. खिडकीतल्या बाईने पाकीट तराजूवर ठेवलं, शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत टाकलं. उद्या पोचेल, ती म्हणाली.

तो पिशवीकडे बघत तसाच उभा राहिला.

“आजोबा, जरा सरकता का?” मागचा माणूस म्हणाला.