पाहुणी

"आज उरलंसुरलं सगळं पोत्यात भरायचं. खडकावर काही टाकायचं नाही," असं वाटाड्याने बजावलं तेव्हा आचारी खिंडीतल्या वाऱ्याशी झटापट करत स्टोव्ह पेटवत होता. त्याने मान वर न करताच विचारलं, "का दादा? पाहुणीशी बिनसलं का?"

"मुलगी आहे बरोबर."

आचाऱ्याने एकदा तंबूंकडे पाहिलं आणि मान डोलावली. दोघं केस काळे होते तेव्हापासून माणसांना या खिंडीतून खालच्या जंगलात उतरवत आले होते. हा वाट दाखवायचा, तो खायला घालायचा. वाटेत काय दिसेल याची हमी कुणीच देत नसे. वर कड्यांवर रानबकऱ्या, दरीत गिधाडं, झाडी लागली की वानरं, नशीब जोरावर असेल तर धनेश पक्षी. पण याच्याबरोबर आलेल्यांना अस्वल दिसायचंच. म्हणून लोक त्याला अस्वलकाका म्हणायचे, आणि घरी गेले की चार ओळखीच्यांना सांगायचे, जायचं तर त्यांच्याबरोबरच जा.

याची सुरुवात एका शालजोडीतल्या टोमण्याने झाली होती. एकदा सगळा रस्ता धुक्यात गेला, आणि निरोप घेताना एक गृहस्थ म्हणाले की याहून जास्त जनावरं आमच्या घरामागच्या गल्लीत दिसतात. सगळे हसले, तोही हसला. पण ते त्याच्या जिव्हारी लागलं. पुढच्या खेपेला झाडी सुरू होते तिथल्या जेवणाच्या जागेखाली, एका सपाट खडकावर त्याने उरलेला भात आणि बटाट्याची सालं टाकायला सांगितलं. असं दोन-चार खेपा केल्यावर एक अस्वलीण आली. मग ती येतच राहिली. आचाऱ्याने तिचं नाव पाहुणी ठेवलं.

लोक वर दगडांच्या आडून कॅमेरे रोखून बसले की हा ओठांवर बोट ठेवायचा, चिमूटभर माती उडवून वारा कुठला आहे ते बघायचा आणि हळूच म्हणायचा, "आता येईल." ती आली की लोकांचे श्वास अडकायचे. खरं सांगायचं तर त्याचाही अडकायचा. सालं आपणच टाकली आहेत हे तो तेवढ्यापुरतं विसरूनही जायचा.

मुलीला बरोबर आणणं त्याने इतकी वर्षं टाळलं होतं. लहान असताना ती शाळेत सगळ्यांना ऐकवायची, की अस्वलं माझ्या बाबांना ओळखतात. त्याच वेडापायी ती जंगलाचं शास्त्र शिकली, परीक्षा पास झाली आणि आता लवकरच वनखात्यात रुजू व्हायची होती. त्याआधी एकदा तरी मला तुमचं अस्वल दाखवा, असा तिने हट्ट धरला. आता नाही म्हणायला त्याच्याकडे कारण उरलं नव्हतं.

उतरताना ती सगळ्यांच्या पुढे होती. कुठल्या कपारीत घरटं आहे, हे केस कुठल्या जनावराचे, झाडाची ही साल कुणी ओरबाडली, सगळं दाखवत होती, आणि कॅमेरेवाले तिच्यामागे मेंढरांसारखे चालले होते. त्याची छाती फुगली. मग बरोबरच्या एका मास्तरीणबाईंनी विचारलं, अस्वल फार जवळ आलं तर काय करायचं?

"रानातलं अस्वल जवळ येतच नाही," मुलगी म्हणाली. "माणसांच्या अन्नाची चटक लागली तरच येतं. मग भीती जाते, ते वस्तीत शिरतं, कुणाला तरी फाडतं आणि शेवटी गोळी खातं. चूक त्याची नसते."

"मग इथलं?"

"बाबांचं अस्वल तसं नाही. ते लांबूनच दिसतं."

तो खाली वाकला आणि न सुटलेली बुटाची नाडी पुन्हा बांधू लागला.

जेवणाच्या जागी पोचल्यावर त्याने आधी खडक बघून घेतला. खडक कोरा होता. पोतं आचाऱ्याच्या सामानात घट्ट बांधलेलं होतं. त्याला हायसं वाटलं. आज अस्वल दिसलं नाही तर मुलगी हिरमुसेल, पण ते परवडलं. मंडळी पांगली होती. कुणी झऱ्यावर, कुणी झाडाखाली आडवं. भात शिजला तसा आचाऱ्याने त्यांना बोलवायला नेहमीसारखी पळी पातेल्यावर जोरजोरात वाजवली.

तो आवाज कानावर पडला आणि हा झटकन खडकाकडे वळला. खडकावर काही टाकू नको हे सांगितलं होतं. पातेलं वाजवू नको हे सांगायचं राहिलं होतं.

खालची झुडपं हलली आणि पाहुणी वर आली. मागून एक पिल्लू दुडदुडत आलं. पिल्लू त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

मंडळी कॅमेऱ्यांकडे धावली, पण मुलीचा चेहरा बदलला. पिल्लू जवळ असलेली अस्वलीण किती वाईट हे तिला ठाऊक होतं. "कुणी पळायचं नाही," ती म्हणाली. "सगळे एकत्र या. ताटं घ्या आणि बडवा. आवाजाने ती जाईल."

ताटांचा एकच गदारोळ उठला. पाहुणीने कान टवकारले आणि पावलं उचलली, पण ती पुढेच येत होती. मुलगी गोंधळली. तिने स्वतः झाकण उचलून दगडावर आपटायला सुरुवात केली आणि बाकीच्यांना अजून जोरात बडवायला सांगितलं. पाहुणी आता जवळपास धावत होती.

आचारी याच्याकडे बघत होता. गप्प राहता आलं असतं. पिल्लामुळे बिथरली आहे म्हटलं असतं तर सगळ्यांना पटलंही असतं. पण मुलगी सगळ्यांच्या पुढे उभी होती.

"बडवू नका," तो म्हणाला. पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "ताटं खाली ठेवा. आवाज ऐकूनच येते ती. जेवायला."

एकेक ताट थांबत गेलं. पाहुणी खडकापाशी आली, तिने तो हुंगला, आणि तिथेच बसली. पिल्लू कोरा खडक चाटू लागलं. एवढ्या माणसांमधून तिने याला बरोबर हेरलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. मुलगी शाळेत सांगायची ते खरंच होतं, अस्वल त्याला ओळखत होतं. शरमेने त्याचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

त्याने दगड उचलला आणि मारला. दुसरा तिच्या खांद्याला लागला. ती उठली, दोन पावलं मागे गेली, पुन्हा बसली. काहीतरी चुकलं असावं आणि आता भात येईल, अशी ती बसली होती. तिसरा दगड नाकाडावर बसला तेव्हा ती ओरडली आणि पिल्लाला घेऊन खाली गेली. जातानाही थांबून थांबून मागे बघत गेली.

सगळ्यांनी घाईघाईने जेवण उरकलं. एकाने आचाऱ्याला खोचकपणे विचारलं, वरची गिधाडंही तुमचीच का? आचारी म्हणाला, "नाही साहेब, ती आपापली येतात." कुणी हसलं नाही.

मुलगी झऱ्यावर ताट घासत होती. तो जवळ जाऊन उभा राहिला.

"कधीपासून?"

"तू शाळेत होतीस."

तिचा हात थांबला. त्याने लोकांचं सांगायला सुरुवात केली, किती लांबून येतात, काही दिसलं नाही की कसे हिरमुसतात.

"लोकांचं नका सांगू, बाबा."

तो खाली बसला. मग म्हणाला, "मला आवडायचं. अस्वलकाका म्हणायचे ते."

ती रडली नाही, चिडलीही नाही. त्याला त्याचंच जास्त लागलं. ताट पुसत तिने सांगितलं की रुजू झाल्यावर हे ती वर कळवणार. मग माणसं येऊन अस्वलीण बघतील, आणि ती अशीच पुढ्यात येऊन बसली तर तिचं काय करायचं ते ठरवतील. त्याआधी थोडे दिवस हातात होते.

"तिला या आवाजाची भीती बसली पाहिजे," ती म्हणाली. "आणि ती तुम्हीच घालायला हवी. दुसऱ्या कुणी मारलं तर ती फक्त त्याला घाबरेल, तुमच्याकडे येतच राहील."

मंडळींना खाली पोचवून तिघं परत वर आले. त्याने पळी वाजवली. पाहुणी आली, पिल्लू पुढे आणि ती मागे, आणि त्याने दगड मारले. मुलगी शेजारी उभी राहून एकेक दगड त्याच्या हातात देत होती. दुसऱ्या दिवशीही ती आली, पण झुडपांपाशीच घुटमळली. पिल्लू तेवढं खडकाकडे धावलं. त्याच्यावर दगड उगारताना याचा हात अडला. मुलीने पुढचा दगड धरून ठेवला आणि नुसती वाट पाहिली. शेवटी त्याने मारला. पिल्लू किंचाळलं.

त्यानंतरच्या दिवशी त्याने पळी वाजवली तेव्हा झुडपं जराशी हलली, खालून एक हुंकार आला, आणि मग पानांची सळसळ उताराने लांब लांब जात ऐकू येईनाशी झाली. तो वाजवतच राहिला. आचारी तोंड फिरवून सामान बांधू लागला. खडकावर ऊन होतं, मुंग्या फिरत होत्या. झालं ते चांगलंच झालं होतं, आणि तरी तो खालच्या झुडपांकडे बघत होता.

"पुरे, बाबा," मुलगी म्हणाली.

त्याने हातातला दगड टाकला आणि पळी पातेल्यात ठेवली, आवाज होणार नाही अशी.